दिवेलागणीनंतरचं पुणं

जोशी-अभ्यंकर खून खटल्यावर आजवर पुष्कळ लिहिलं गेलं. गुन्हेगार कोण, पोलिसांनी त्यांना कसं गाठलं, माफीचा साक्षीदार काय बोलला, फाशी केव्हा झाली, सगळं छापून आलं. त्यावर सिनेमेही निघाले. मला सांगायचंय ते या प्रकरणाच्या कडेचं आहे. १९७६-७७च्या हिवाळ्यात पुण्याच्या लोकांच्या पायांचं काय झालं, ते. सारा जन्म शाळेत शारीरिक शिक्षण शिकवण्यात गेला, त्यामुळे माझी नजर आधी पायांकडेच जाते.

संध्याकाळनंतर शहराला घरी बसवण्याची रीत पुण्याला नवी नाही. पेशवाईत रात्री तोफ व्हायची. तोफ झाली की रस्ते बंद. त्यानंतर कुणी हिंडताना सापडला तर कोतवालाची माणसं त्याला धरून ठेवत आणि सकाळी सोडत. विल्यम टोन नावाचा एक आयरिश माणूस अठराव्या शतकाच्या अखेरीला पेशव्यांच्या पायदळात चाकरीला होता. आयर्लंडच्या उठावातला वुल्फ टोन याचा हा सख्खा भाऊ. एक भाऊ इंग्रजांशी लढत होता आणि दुसरा शनिवारवाड्याचा पगार खात होता. त्यानं पुण्याच्या रात्रीच्या बंदोबस्ताची तारीफ करून ठेवली आहे. खुद्द पेशव्यांनाही एकदा अवेळी बाहेर पडल्याबद्दल रात्रभर अडकवलं होतं, असं तो सांगतो. गोष्ट घडली तशीच सांगितली की तिला थोडी फोडणी दिली, देव जाणे. पण बंदोबस्त कडक होता यात शंका नाही, आणि त्याची दुसरी बाजू घाशीराम कोतवालानं दाखवली. १७७७पासून तो कोतवाल होता. १७९१च्या ऑगस्टात त्यानं कोंडून ठेवलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि ३१ ऑगस्टला खवळलेल्या जमावानं त्याला दगडांनी ठेचून मारलं. चोरापासून राखायला नेमलेल्या माणसाचीच भीती चोरापेक्षा जास्त झाली होती. त्या पुण्यात रात्री बाईमाणसानं बाहेर पडण्याचा प्रश्न कुणी काढलाच नसता, म्हणून तिच्याविषयी कागदांत काही सापडत नाही.

भीतीचा आणि व्यायामाचा संबंध मात्र पुण्यात चांगला सापडतो, आणि तो आपण समजतो त्याच्या उलटा आहे. माझं माहेर शुक्रवार पेठेतलं. चिंचेची तालीम आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला अण्णा म्हणायचो, तिथं जोर-बैठका मारायला जायचा आणि लाल मातीनं माखून यायचा. आई त्याचा लंगोट वेगळ्या बादलीत भिजवायची. पुण्याच्या पेठापेठांत अशा तालमी आहेत. त्या नुसत्या कुस्तीसाठी नव्हत्या. आळीवर कुणी चालून आलं, कुठे मारामारी झाली, तर तालमीतली पोरं पुढे व्हायची. १८९३ला मुंबईत आणि १८९४ला पुण्यात दंगे झाले, त्या काळात पोरांनी अंग कमवलं पाहिजे असं जो तो म्हणू लागला. रँडवर गोळी झाडणाऱ्या चापेकर बंधूंनीही आधी मुलं जमवून व्यायामच सुरू केला होता. म्हणजे वातावरणात भीती शिरली की पुण्यातला मुलगा तालमीत गेला. मुलगी कुठे गेली, हे कळायला मला १९७६ साल यावं लागलं.

तेव्हा मी आठवीत होते आणि खो-खो खेळत होते. खो-खो हा पुण्याच्या मातीतला खेळ. त्याचे नियम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डेक्कन जिमखान्यावर बसवले गेले. एक मैदान, दोन खांब आणि अनवाणी पाय एवढ्यावर तो भागतो, म्हणून आमच्यासारख्या घरांना परवडायचा. माझे वडील, दादा, एका छापखान्यात खिळे जुळवायचे. मुलीला खेळासाठी बूट घेऊन देणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं, पण पाठवायला त्यांची कधी ना नसायची. टिळक रोडच्या बाजूच्या एका मैदानावर आमचा सराव चाले. शाळा साडेपाचला सुटायची. घरी दप्तर टाकून, चहा-पोळी खाऊन मैदानावर पोचायला सहा वाजायचे. नोव्हेंबर-डिसेंबरात पुण्यात सहालाच सूर्य बुडतो. म्हणजे हिवाळ्यात आमचा सगळा सराव दिवेलागणीनंतरच व्हायचा. मैदानाच्या कडेला एक ट्यूबलाइट, तिच्या उजेडात एकेरी साखळी. खांबाजवळ सूर मारताना गुडघे फुटायचे, त्यावर तिथलीच माती चोळायची. साडेसातला आम्ही घोळक्यानं, मोठमोठ्यानं बोलत घरी यायचो. आम्हाला कुणी न्यायला येत नसे.

३१ ऑक्टोबर १९७६च्या रात्री विजयनगर कॉलनीत जोशी कुटुंबातले तिघं मारले गेले. नुकतीच दिवाळी झालेली. २२ नोव्हेंबरला शंकरशेट रोडवरच्या एका बंगल्यात तसाच प्रयत्न झाला. तिथल्या नोकरांनी झुंज दिली म्हणून तो फसला. १ डिसेंबरला भांडारकर रोडवरच्या ‘स्मृती’ बंगल्यात अभ्यंकरांच्या घरातली पाच माणसं संपवली गेली. म्हातारे पती-पत्नी, दोन तरुण नातवंडं आणि घरात काम करणारी बाई. गळे नायलॉनच्या दोरीनं आवळलेले होते.

आणीबाणी चालू होती. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, त्यामुळे छापलेल्यावर लोकांचा विश्वास कमी आणि ऐकलेल्यावर जास्त. दोरी कसली होती, दार कुणी उघडलं, ते किती जण होते, याच्या हकिकती नळावर, गिरणीत, दुधाच्या केंद्रावर रोज नव्यानं तयार होत. संध्याकाळी सहाला पेठांमधली दुकानं फळ्या लावू लागली. लक्ष्मी रोड सातला ओस. सिनेमाच्या रात्रीच्या खेळाला कुणी जाईना. जेवणानंतर शतपावलीला निघणारे, लकडी पुलावरून डेक्कनपर्यंत जाऊन पान खाऊन परत येणारे, नदीच्या कडेला कठड्यावर बसणारे पेन्शनर, सगळे अदृश्य झाले. आमच्या शेजारचे तात्या रोज रात्री साडेनऊला छडी घेऊन निघायचे, ते वाड्याच्या चौकातच गोल फिरू लागले. दारात दिंडी दरवाज्याचा अडसर, त्याला आतून साखळी, साखळीला कुलूप.

यातली एक गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही, मलाही फार नंतर उमगली. हे सगळे खून घरांत झाले होते. मारेकरी दार वाजवून आत शिरले होते. रस्त्यावर, मैदानावर, पुलावर त्यांनी कुणाला अडवलं नव्हतं. खरं तर त्या दिवसांत घोळक्यानं रस्त्यावर असणं हे घरात दोघंतिघं असण्यापेक्षा कमी धोक्याचं होतं. पण भीतीला असा हिशेब समजत नाही. माणसं ज्या जागी मेली तिथंच जाऊन बसली आणि जिथं काही झालं नव्हतं ती जागा त्यांनी सोडून दिली.

आमचा सराव अभ्यंकरांकडच्या खुनांच्या दुसऱ्याच दिवशी बंद झाला. आमच्या बाईंनी सांगितलं, “मुलींनो, आठवडाभर येऊ नका.” आठवड्याचे दोन झाले, मग नाताळची सुट्टी आली, मग संक्रांत. दादांनी मला बसवून समजावलं नाही की रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “आता नको बाळ.” त्याच आठवड्यात अण्णाला त्यांनी स्वतः बॅटरी आणून दिली. कारण आळीतल्या पोरांनी गस्त सुरू केली होती. तालमीतली मुलं, आसपासच्या वाड्यांतले कॉलेजकुमार, हातात काठ्या, गळ्यात मफलर. रात्री दहा ते पहाटे चार, पाळ्या लावून. शुक्रवार पेठेतून खडकमाळ, तिथून मंडई, परत. मध्ये एखाद्या ओट्यावर स्टोव्ह पेटवून चहा. अण्णा त्या हिवाळ्यात जेवढा चालला तेवढा आधी किंवा नंतर कधीही चालला नसेल. सकाळी त्याचे पाय भरून यायचे आणि मी त्यावर तेल लावून द्यायचे. माझे पाय तोवर घरात बसून आखडले होते.

एकच शहर, एकच भीती, एकच घर. तिनं मुलाला रात्रभर रस्त्यावर चालवलं आणि मुलीला संध्याकाळी सहाला उंबऱ्याच्या आत घेतलं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. दादांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. पण पुढे शिक्षिका झाल्यावर मुलींच्या व्यायामाविषयी जे-जे काही मला दिसलं, त्याचा नकाशा त्या एका हिवाळ्यात काढलेला होता.

मुंबईत आठ वर्षं आधी याहून वाईट होऊन गेलं होतं. १९६८मध्ये उत्तरेकडच्या उपनगरांत रामन राघव रात्री माणसांच्या डोक्यात घाव घालून त्यांना मारत होता. आमची मावशी तेव्हा मालाडला राहायची. ती म्हणायची, आम्ही खिडक्या लावून उकाड्यात झोपायचो, पण ज्यांना खिडकीच नाही त्यांनी काय लावायचं? त्याचे बळी फुटपाथवरचे, झोपड्यांतले होते. त्यांना आत शिरायला ‘आत’ नव्हतं. ऑगस्टच्या अखेरीला त्याला पकडलं तोवर ती माणसं जागूनच रात्री काढत होती. पुण्यातला आमचा अडसर आणि साखळी ही त्या मानानं चैनच होती.

मारेकरी ३० मार्च १९७७ला पकडले गेले. त्याच्या आदल्या आठवड्यात नदीत बंडगार्डनजवळ एक प्रेत सापडलं होतं, शिडीला बांधलेलं. आणीबाणी उठून तेव्हा दोन-तीन दिवसच झाले होते. जक्कल, सुतार, जगताप, शहा ही चार नावं पुण्यातल्या पोरासोरांना पाठ झाली. आणि मग कळलं की हे सगळे टिळक रोडवरच्या चित्रकला महाविद्यालयाचे विद्यार्थी. आम्ही सरावाला जायचो तो हाच रस्ता. कोण दैत्य असतील अशी कल्पना करून शहर चार महिने दाराआड बसलं होतं आणि ते आमच्याच वाटेवर चहा पीत उभे असणार.

त्याहून मोठा धक्का तळ्याचा. त्यांचा पहिला बळी त्यांच्याच कॉलेजातला एक मुलगा होता. १९७६च्या जानेवारीत त्याला मारून, लोखंडी पिंपात घालून, सारसबागेच्या शेजारी पेशवे पार्कच्या तळ्यात बुडवलं होतं. पोलिसांना ते समजलं अटकेनंतर. म्हणजे वर्षाहून अधिक काळ ते पिंप तिथं पाण्याखाली होतं, आणि अवघं पुणं त्याच्या काठाशी फिरत होतं. रविवारी सारसबागेत मुंगीला शिरायला जागा नसायची. फुलराणी या छोट्या आगगाडीच्या रांगेत पोरं उभी, गणपतीला जाणारे-येणारे, भेळेचे कागद उडतायत. कुणाचं पाऊल अडखळलं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. जिथं खरोखर प्रेत होतं तिथं माणसं निर्धास्त चालली आणि जिथं काहीच नव्हतं त्या लक्ष्मी रोडवर चालेनाशी झाली. गुन्हा आणि गुन्ह्याची भीती ही दोन्ही वेगवेगळ्या पत्त्यावर राहतात, हे शिकायला मला त्यानंतर कुठलं पुस्तक लागलं नाही.

खटला १९७८मध्ये चालला. सत्र न्यायालयानं चौघांना फाशीची शिक्षा दिली आणि २७ नोव्हेंबर १९८३ला येरवड्यात ती अमलात आली. शहर त्याच्या खूप आधी सावरलं होतं. १९७७च्या उन्हाळ्यात शतपावली परत सुरू झाली, रात्रीचे खेळ भरू लागले, गस्तीच्या काठ्या माळ्यावर गेल्या. आमचा सरावही जूनमध्ये चालू झाला. पण मैदानावर सगळ्या मुली आल्या नाहीत. आमची सगळ्यात चपळ पळणारी, जिच्या हुलकावणीला मुलांचा संघही फसायचा, ती आलीच नाही. घरच्यांनी तिला शिवणाच्या क्लासला घातलं होतं. तो दुपारी असायचा. पालकांना कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पकडले गेले ते मारेकरी. मुलीनं अंधाराआधी घरी यायचं हा नियम तसाच राहिला.

शिवाय तोवर टीव्ही आला होता. मुंबईचं केंद्र १९७२ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्यात दिसू लागलं. आमच्या वाड्यात एकाच घरी संच होता. भीतीनं मोकळ्या केलेल्या संध्याकाळी लोक तिथं जमायला शिकले. ‘गजरा’ हा कार्यक्रम असला की चौक ओस. तात्या पुन्हा छडी घेऊन निघाले खरे, पण गुरुवारचं काही असलं की म्हणायचे, आज राहू दे. यात भीतीचा वाटा किती आणि टीव्हीचा किती हे मला वेगळं काढता येणार नाही. भीती गेली तेव्हा तिच्या जागेवर आधीच कुणीतरी बसलेलं होतं, एवढं नक्की.

नंतर मी नोकरीला लागले आणि संध्याकाळची माणसं हळूहळू पहाटेची झालेली पाहिली. तळजाई, पर्वती, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी. पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या सकाळी सहाला गजबजलेल्या असतात. साठीच्या बायका कॅनव्हासचे बूट आणि साडी अशा वेषात भराभर चढतात. त्यांच्या गळ्याकडे जरा बघा. कुणाचा पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटलेला, कुणी उन्हाळ्यातही स्कार्फ बांधलेला. माझ्या बरोबरीच्या दोघींनी फिरायला जायचं म्हणून वेगळं खोटं मंगळसूत्र घेतलंय, खरं घरी कपाटात. हे सोनसाखळी चोरांमुळे. दुचाकीवरून दोघं येतात, मागचा हात घालतो आणि क्षणात पसार होतात. गळा कापला जातो, बाई पडते, कधी खुब्याचं हाड मोडतं, आणि मग तिचं चालणं कायमचं थांबतं. डॉक्टर म्हणतात आठवड्याला दीडशे मिनिटं चाला. ती मिनिटं कुठल्या रस्त्यावर चालायची, हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांच्या वावरावर एक पुस्तक लिहिलं, २०११मध्ये. त्यांचं म्हणणं असं की, बाईला रस्त्यावर असायचं तर काहीतरी काम असल्याचं दाखवावं लागतं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या पायांतले बूट आठवले. बूट घातले की ती ‘वॉकला’ निघालेली असते, मग तिला कुणी काही विचारत नाही. चपला घालून तीच बाई त्याच वेळी नुसती उभी राहिली तर तीन माणसं चौकशी करून जातील. कोतवालाचा काळ संपला म्हणतात, पण बाहेर असण्याचा परवाना अजून लागतो; तो चौदाशे रुपयांना बुटांच्या दुकानात मिळतो.

२०१३च्या २० ऑगस्टला मात्र पहाटेच्या फिरण्यालाही तडा गेला. ओंकारेश्वराजवळच्या विठ्ठल रामजी शिंदे पुलावर अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नरेंद्र दाभोलकर यांना सकाळी फिरायला निघालेले असताना गोळ्या घातल्या. कबड्डीपटू होते ते; शिवछत्रपती पुरस्कार मिळवलेले. त्यांच्या चालण्यात तो खेळाडू दिसायचा. पुढे १६ फेब्रुवारी २०१५ला कोल्हापुरात कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी फिरून परत येत होते, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. चार दिवसांनी पानसरे गेले. हे चोराचं काम नव्हतं आणि आळीतल्या भीतीशी त्याची सरमिसळ करू नये. पण एक फरक मी नोंदवते. या वेळी लोक घरात बसले नाहीत. दर महिन्याच्या वीस तारखेला कार्यकर्ते त्या पुलावर जमत राहिले, कोल्हापुरात ‘निर्भय मॉर्निंग वॉक’ निघाले. बायकाही त्यात होत्या. एकट्यादुकट्याचं चालणं भीती थांबवते, पण दोनशे जण मिळून निघाले तर तेच चालणं तिला उत्तर होतं. १९७६ला आम्हा मुलींना घोळक्यानं मैदानावर येऊ दिलं असतं तर, असं मनात येऊन जातं.

२०२४च्या ऑक्टोबरात पुण्याजवळच्या बोपदेव घाटात एका तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला आणि पुन्हा चक्र फिरलं. घाट आणि टेकड्यांवर कॅमेरे, दिवे, पोलिसांच्या फेऱ्या यांची बोलणी सुरू झाली, ती गरजेचीच होती. पण माझ्याकडे खेळायला येणाऱ्या मुलींच्या घरी ते कॅमेरे बसायची वाट बघितली गेली नाही. मी निवृत्त झाल्यावरही एका शाळेच्या मैदानावर खो-खो शिकवते. त्या आठवड्यात पालकांचे फोन आले. आवाज वेगळे, वाक्य तेच: “मॅडम, सहाच्या आत सोडाल का?” एका वडिलांचा मुलगा त्याच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला फुटबॉल खेळतो, साडेसातपर्यंत. त्याच्याविषयी त्यांनी काही विचारलं नाही.

मी सरावाची वेळ बदलली नाही. शाळेशी भांडून मैदानावर दोन फ्लडलाइट लावून घेतले. पालकांची बैठक बोलावली आणि सांगितलं, मुली साडेसातला सुटतील, एकत्र निघतील, ज्यांना न्यायला यायचंय त्यांनी फाटकाशी न थांबता आत यावं आणि वाट बघताना मैदानाला फेऱ्या माराव्यात. थोडे चिडले. दोन आया दुसऱ्या दिवशी बूट घालून आल्या. त्या फुटबॉलवाल्या वडिलांनी मुलीला पाठवणं बंद केलं; तिच्या जागी खांबाजवळ सध्या सातवीतली एक नवी मुलगी बसते. तिचा सूर अजून कच्चा आहे.